चादरीच्या पिशवीतला नवरदेव

गेल्या मार्चची अकरा तारीख, मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. रक्कम अठरा हजार दोनशे नव्वद रुपये. त्यात पंधरा हजार पाचशे तपासणीची फी आणि दोन हजार सातशे नव्वद जीएसटी. हजर चौघं: कारखान्याचे शेठ, आमचे केमिस्टसाहेब, गमखात्यातले काका आणि मी. या रकमेच्या बदल्यात ठाण्याच्या प्रयोगशाळेनं दोन पानांचा अहवाल पाठवला होता आणि त्यावर सात वर्षांत पहिल्यांदा 'नापास' असा शेरा होता. चौघांपैकी एकाची नोकरी त्या दिवशी जायची होती. कोणाची, ते साहेबांनी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवलं होतं.

साहेबांचं नाव मी लिहीत नाही. छापलेलं बघून त्यांना आनंद होईल, आणि तेवढं मला करायचं नाही.

डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. आम्ही कागदी चिकटपट्टी आणि लेबलं बनवतो. त्यातला मोठा भाग परदेशी खेळण्यांच्या खोक्यांवर लागतो. लहान मुलं खेळण्याआधी खोकं चाटतात, म्हणून तिकडचा कायदा कडक आहे. पट्टीवरचा चिकट गम मऊ राहावा म्हणून त्यात जे तेल घालतात, त्यात थॅलेट नावाची रसायनं असतात, आणि ती हजार भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा आणि अहवाल गिऱ्हाइकाला पाठवायचा. खरेदीची रजिस्टरं आणि ही कागदपत्रं माझ्याकडे. रसायनशास्त्र साहेबांकडे.

साहेबांच्या खोलीच्या दारावर 'गुणवत्ता प्रयोगशाळा' अशी पाटी होती. आत एक टेबल, एक भिंग, एक कात्री आणि साहेबांचं नाक एवढी उपकरणं. पहिली तीन कंपनीची. चौथ्याचा त्यांना इतका अभिमान होता की सर्दी झाली की ते रजा टाकत, कारण विचारलं तर म्हणत, "यंत्र बंद आहे."

त्यांची पद्धत अशी. चिकटपट्टीचा तुकडा अंगठा आणि तर्जनीत अकरा वेळा चोळायचा. डोळे मिटायचे. हुंगायचं. मग खिशातली कॉफीच्या बियांची डबी उघडून तिचा वास घ्यायचा, म्हणजे नाक कोरं होतं. पुन्हा हुंगायचं. आणि आकडा सांगायचा.

"नाइंटी नाइन पॉइंट फाइव्ह."

"कशाचे, साहेब?" असं मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात विचारलं होतं.

"शुद्धतेचे, बाई."

"मग उरलेला अर्धा टक्का काय आहे?"

"तो नाकाला लागत नाही, म्हणून तर अर्धाच आहे."

मी तो आकडा रजिस्टरात लिहिला. माझी नोकरी लिहिण्याची होती.

चिकटपणा ते डाव्या हातावर तपासत. पट्टी कोपराखाली चिकटवायची, एका झटक्यात ओढायची, केस किती आले ते भिंगातून बघायचं. बावीस वर्षांच्या या तपासणीनं त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत झाला होता. मग केस कुठून येणार? तरी शेरा 'उत्तम'. चिकटपणा मोजायच्या यंत्राची किंमत मी तीनदा मागवली. तिन्ही वेळा त्यांनी बाही वर केली: "हे काय आहे मग?"

एकदा गोदामातला दमटपणा किती हे त्यांनी दारातूनच सांगितलं, "बासष्ट टक्के." भिंतीवरचं यंत्र एक्याऐंशी दाखवत होतं. साहेबांनी यंत्राकडे पाहिलं, आपलीच एक पट्टी घेतली आणि त्याच्या काचेवर आडवी लावून टाकली. "बिघडलंय. लोकांची दिशाभूल होते." ती पट्टी आठवड्याभरात दमटपणानं सुटून खाली पडली. यंत्र तेव्हाही एक्याऐंशीच दाखवत होतं.

परदेशी कंपनीचे तपासनीस आले की साहेबांना ऊत येई. एका गोऱ्या माणसासमोर त्यांनी डोळे मिटून लेबल हुंगलं आणि म्हणाले, "थॅलेट फ्री." तो माणूस आदरानं बघत राहिला, त्याला वाटलं असावं की ही काहीतरी आपल्याकडची जुनी विद्या आहे. त्याच आठवड्यात मी ठाण्याला प्रयोगशाळेत गेले होते. तिथं खिडकीवर जी मुलगी नमुने घेते, टिटवाळ्याहून येते, तिला मी सहज विचारलं, "थॅलेटचा वास कसा असतो गं?"

ती म्हणाली, "मॅडम, त्याला वासच नसतो."

मी हे साहेबांना सांगितलं. ते जराही हलले नाहीत. "तेच तर. मला तो न येणारा वास येतो."

'कागद स्वच्छ तर माल स्वच्छ' हे त्यांचं वाक्य. ते दिवसातून दोनदा तरी म्हणत, आणि त्याचा अर्थ काय, हे मला त्यांच्या कपाटातल्या रोलमुळे कळलं.

आमच्या कारखान्यात सात वर्षांपूर्वी एकच घाणा बिनतेलाचा शिजला होता. महाग राळ आणून, तेल न घालता, खास पहिल्या तपासणीसाठी. त्यातून निघालेला एक जाड रोल साहेबांनी तपकिरी कागदात गुंडाळून आपल्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवला. घाणा पास झाला, ऑर्डर मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून खात्यात नेहमीचा तेलाचा गम सुरू झाला. रोल मात्र कपाटातच राहिला. दरवर्षी फेब्रुवारीत साहेब पांढरे हातमोजे घालत, रोल बाहेर काढत, त्याची वरची तीन मीटर पट्टी कापत, नव्या पाकिटात घालत आणि ते पाकीट स्वतःच्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून ठाण्याला नेत. खात्यातले काका ते बघून म्हणत, "चालला आमचा नवरदेव, सजूनधजून." तेव्हापासून रोलचं नाव नवरदेव. त्याला नटवून दाखवायला न्यायचं, पास करून आणायचं, पुन्हा कपाटात.

फॉर्मवर एक रकाना असे: नमुना कसा घेतला. साहेब सांगत आणि मी लिहीत असे, 'चालू उत्पादनातून, सरसकट.' त्याखाली दोन सह्या. 'तपासले' पुढे साहेबांची. 'नमुना घेताना हजर' पुढे माझी. अशा सहा सह्या मी केल्या. ज्या घरी मी दुधाच्या पिशव्या मोजून लिहिते, त्याच घरचा हप्ता या सह्यांच्या पगारातून जात होता. हे सांगून मी स्वतःला सोडवत नाही. फक्त बेरीज बरोबर राहावी म्हणून लिहिते.

काकांबद्दल आता सांगायला हवं. ते मानपाड्याजवळच्याच गावातले, आगरी. कारखान्याच्या गेटपासून गमखात्यापर्यंतची जागा त्यांच्या वडलांचं भाताचं शेत होती. वसाहतीत जमीन गेली तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली, ती ही. बाकी गावकऱ्यांनी पुढं उरलेल्या जमिनींवर इमारती उठवल्या. काकांकडे उरलेलं काही नव्हतं. त्यांचं वय छप्पन्न. निवृत्तीला वीस महिने होते. गमखात्यात उकळत्या कढईशेजारी त्यांची हयात गेली, आणि साहेब त्या खात्यात वर्षातून एकदाही जात नसत. तिथल्या वासानं त्यांचं नाक बिघडतं म्हणे.

साहेबांना मी बरीच वर्षं नुसते मूर्ख समजत होते. तो समज त्यांच्या नातीच्या वाढदिवसाला गेला.

तशी चिन्हं आधीही होती. ते कधी कागदी कपातून चहा घेत नसत. घरून स्टीलचा पेला आणत. "कपाच्या आतून काय फासलेलं असतं, माहीत आहे का?" पोळ्या केळीच्या पानात. पाण्याची बाटली तांब्याची. मला वाटायचं, माणूस जुन्या वळणाचा आहे.

वाढदिवस ठाण्यात माजिवड्याला, त्यांच्या इमारतीच्या हॉलमध्ये होता. ऑफिसातल्या आम्ही चौघींनी वर्गणी काढून एक बाहुलीघर नेलं होतं. चांगल्या कंपनीचं, मोठं खोकं. नात पाच वर्षांची. तिनं खोकं मिठीत घेतलं आणि कडेची पट्टी दातांनी सोडवायला लागली. साहेब हॉलच्या दुसऱ्या टोकाला कोणाशी तरी बोलत होते. त्यांनी ते बघितलं आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा धावताना पाहिलं. त्यांनी खोकं तिच्या हातातून ओढून घेतलं. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. त्यांनी तिचं तोंड रुमालानं पुसलं, मग तोच रुमाल कचऱ्याच्या डब्यात टाकला. खोकं उचलून बाहेर जिन्यात नेऊन ठेवलं.

मी मागोमाग गेले. म्हटलं, "काय झालं साहेब? चांगल्या दुकानातून घेतलंय."

ते हळूच म्हणाले, "दुकानाचं काही नाही हो. पट्टी बघा ना. आपलीच आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. एका घरातल्या माणसानं दुसऱ्याला सांभाळून राहायला सांगावं, तसा तो चेहरा होता. मी त्या जिन्यात उभी राहून हिशेब केला. महिन्याला साधारण चाळीस हजार खोक्यांना पुरेल एवढा माल आम्ही पाठवत होतो. त्यातलं एक खोकं साहेबांनी जिन्यात ठेवलं होतं.

मूर्ख माणसाला माफ करता येतं. जो स्वतःच्या घराचा उंबरठा तेवढा ओळखतो, त्याला कशाच्या नावानं माफ करायचं, मला अजून कळलेलं नाही. आणि तरी पुढच्या फेब्रुवारीत मी पुन्हा सही केली, हेही खरं.

आता पिशवीचं.

त्याच वर्षी जुलैत साहेबांच्या खोलीचं छत गळलं आणि पाणी कपाटात उतरलं. फाइली भिजल्या. त्यांना फाइलींचं काही नव्हतं. ते नवरदेवाला पोटाशी धरून बाहेर आले. तपकिरी कागद ओला झाला होता. "बाई, काही हवाबंद आहे का? लवकर!"

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होती. नवी चादर घेतली की जी मऊ, जाड, पारदर्शक, चेनची पिशवी येते, ती मी कधी टाकत नाही. घरी अशा नऊ आहेत. एक मी ऑफिसात स्वेटर ठेवायला आणली होती. स्वेटर काढून ती त्यांना दिली. साहेबांनी पिशवी उघडून आत नाक घातलं. कॉफीच्या बिया हुंगल्या. पुन्हा नाक घातलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "नवेपणाचा वास. बायका असं काहीतरी जपून ठेवतात ते बरं असतं."

ओला कागद काढून टाकला आणि नवरदेव चेन लावून पिशवीत बंद झाला. सात महिने.

तिकडे दिवाळीच्या सुमारास शेठनी तेलाचा आणि राळेचा खर्च बघून कढईत शिजवायचा गमच बंद केला. गुजरातहून तयार गम मागवायला सुरुवात झाली. स्वस्त पडत होता, आणि त्यात तेल नव्हतं. शेठनी ते मुलांच्या काळजीनं केलं नाही, हे सांगायला नको. काकांचं काम आता फक्त तो गरम करून यंत्राला देण्याचं. म्हणजे नोव्हेंबरपासून आमचा माल खराखुरा स्वच्छ निघत होता. काकांनी ते साहेबांना सांगितलंही. साहेब म्हणाले, "तुम्हाला काय कळतं, काका? गम म्हटलं की तेल आलंच." नाकानं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे बदल झालेला नव्हता.

फेब्रुवारीत हातमोजे, कात्री, पाकीट, पुढची सीट. सातव्या फॉर्मवर माझी सातवी सही. आणि दहा मार्चला अहवाल आला: थॅलेट, हजारात चार भाग. नापास.

मी प्रयोगशाळेत फोन लावला. टिटवाळ्याची ती मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हालाही विचित्र वाटलं म्हणून आम्ही तुकडे वेगवेगळे तपासले. पट्टीच्या बाहेरच्या टोकाला जास्त आहे, आतल्या टोकाला कमी कमी होत जातंय. गमात घातलेलं असतं तर सगळीकडे सारखं आलं असतं. रोल कशात गुंडाळून ठेवला होता का?"

"चादरीच्या पिशवीत."

"ती मऊ, जाड, चेनची?"

"हो."

"अहो मॅडम, ती मऊ राहते तीच थॅलेटमुळे! त्याला चिकटून ठेवलं की ते हळूहळू उतरतं. गम तर ओढूनच घेतो."

फोन ठेवल्यावर मला आधी हसू आलं. सहा वर्षं खराब माल आणि चांगला नमुना. सातव्या वर्षी माल चांगला आणि नमुनाच खराब. साहेबांनी एकदा, चुकून जरी, खात्यातली पट्टी उचलून दिली असती तरी पास झाली असती. मग हसू थांबलं, कारण कोणीतरी हे काकांवर ढकलणार हे माझ्या लक्षात आलं.

साडेपाचला मी साहेबांच्या टेबलाशी गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पिशवी कोणाची?"

"माझी."

"'नमुना घेताना हजर' म्हणून सही कोणाची?"

"माझी. पण 'तपासले' म्हणून तुमची आहे."

"मी तपासलं, ते जे समोर आलं ते. ते कुठून आलं याची सही तुमची." त्यांनी पेला पुसून आपल्या बॅगेत ठेवला. "घाबरू नका. मी तुम्हाला वाचवतोय. उद्या शेठना सांगतो, काकांनी खात्यात तेल मारलं. तुम्ही फक्त गप्प बसा."

"त्यांची नोकरी जाईल."

"वीस महिने राहिलेत हो त्यांचे. गावात घर आहे, मासळी आहे, भात आहे. त्यांना काय कमी?"

ज्या खुर्चीत बसून ते हे बोलत होते, तिच्याखालीच तो भात होता.

मंगळवारी मी शेठच्या केबिनमध्ये तीन गोष्टी घेऊन गेले. खरेदीचं रजिस्टर, सात फॉर्म आणि नवरदेव, पिशवीसकट.

साहेब आधीच सुरू झाले होते. "शेठ, मी डोळे मिटून सांगतो, खात्यात तेल पडलंय. वास येतोय."

काका दाराशी उभे होते. त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं. "तेल घालू कुठशी, साहेब? ड्रम तं दिवाळीच्या आधीच संपला. मी निस्ता गरम करतंय. तुमाला बोललू पन होतू."

"काका, मोठ्या माणसांशी बोलताना..."

"मोठी मानसं खात्यात आली कवा?" काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "नाक घेवून एकदा तरी या ना. कढई काय चावत नाय."

शेठ म्हणाले, "काका, ऑर्डर गेली तर शंभर लोक घरी बसतील. कोणीतरी जबाबदार असेल की नाही? तुम्ही हिशोब घेऊन टाका, राजीखुशीनं."

मी रजिस्टर उघडलं. "शेठ, तेलाचा शेवटचा ड्रम अठरा ऑक्टोबरचा. त्यानंतर एकही नाही. काकांनी घालायचं म्हटलं तरी घालणार काय? आणि नापास झालेली पट्टी काकांच्या खात्यातली नाहीच. ती यातली आहे." मी रोल टेबलावर ठेवला.

शेठनी रोलकडे पाहिलं नाही. छताकडे पाहिलं. तेवढ्यावरून मला कळलं की रोल त्यांना माहीत होता.

"हे काय आहे?" त्यांनी छताला विचारलं.

"नवरदेव," काका म्हणाले.

"सात वर्षं आपण याचेच तुकडे पाठवतोय," मी म्हटलं. "'चालू उत्पादनातून' असं मी लिहिलंय आणि सही केली आहे. ते खोटं आहे. सातही खोटे. पिशवी माझी, तिच्यातलं रसायन रोलमध्ये उतरलंय. माझ्यावर जी काही कारवाई करायची ती करा, पण काकांचं यात काही नाही."

साहेब हसले. "बाई भावनेच्या भरात आहेत. बरं, पिशवी मानली. मग खात्यातला माल पास होईल? कधीच नाही. आत्ता आणा एक रोल."

यंत्रावरचा रोल आणला गेला, अजून कोमट होता. साहेबांनी अकरा वेळा चोळलं, हुंगलं, बिया काढल्या, पुन्हा हुंगलं. "बारा भाग. तेराही असेल. शेठ, हा पास झाला तर तपासणीची फी माझ्या खिशातून."

शेठना रक्कम ऐकली की निर्णय सुचतो. "ठीक आहे. पाठवा. अहवाल येईपर्यंत काका घरी बसतील."

रोलची सुरुवातीची पट्टी आम्ही चौघांसमोर कापली. मी ती पोळ्या बांधायच्या ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळली. प्रयोगशाळेच्या मुलीनं तेच सांगितलं होतं. रकान्यात तारीख, यंत्राचा नंबर, वेळ लिहिली. मग काकांना म्हटलं, "तुम्हीही सही करा." त्यांनी एकेक अक्षर जोडून पूर्ण नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट. फॉर्मवर तेवढी जागा नव्हती. नाव रकान्याबाहेर गेलं. मी ते तसंच राहू दिलं. पाकीट मी स्वतः ठाण्याला नेऊन दिलं.

मधल्या दिवसांत साहेब खुशीत होते. बिया बदलल्या. मला एकदा म्हणाले, "तुमच्यासाठी वाईट वाटतं, बाई. आकड्यांच्या माणसानं वासात पडू नये."

वीस तारखेला अहवाल आला. थॅलेट: आढळले नाही. शून्य भाग. साहेबांचं नाक बारा-तेरा भागांनी चुकलं होतं, आणि आधीची सहा वर्षं त्याच नाकावर खोकी गेली होती.

मला वाटलं होतं, आता तरी ते गप्प होतील. त्यांनी अहवाल दोन बोटांत धरला, दिव्यासमोर नेला आणि म्हणाले, "मी काय म्हणत होतो? कागद स्वच्छ तर माल स्वच्छ."

काका एकवीस तारखेला कामावर आले. साहेब गेटवर भेटले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, तुमच्या गमावर माझा विश्वास होता." काकांनी तो हात उचलून बाजूला केला, जसं कोणी अंगावर पडलेलं पान काढतं. "साहेब, हात चिकटंल," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

सातही खोट्या सह्यांचं गिऱ्हाइकाला कळवावं, असं पत्र मी शेठना दिलं. ते अजून त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली आहे. पोच माझ्याकडे आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी त्यांना आठवण देते. त्यांनी मला काढलं नाही. आता नमुना यंत्रावरून काका काढतात आणि मी फॉइल घेऊन शेजारी उभी असते. साहेब जूनमध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सांगितलं की आपल्या कारकिर्दीत एकही नमुना कायमचा नापास झाला नाही. हल्ली ठाण्यात सल्लागार आहेत. कार्डावर छापलंय: 'रसायने व नियमपालन'. कार्डाचा कागद उत्तम आहे.

राहिला हिशेब.

दुसऱ्या तपासणीची फी अठरा हजार दोनशे नव्वद, प्रयोगशाळेला. साहेबांनी शब्द दिला होता, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी पंधरा हजार पाचशेचा चेक दिला. जीएसटीचे दोन हजार सातशे नव्वद दिले नाहीत, "त्याचं क्रेडिट कंपनीला मिळतं, बाई. माझ्याकडून कशाला?" नियम त्यांना अगदी बरोबर माहीत होता.

काकांना घरी बसवलेल्या आठ दिवसांचा पगार, सहा हजार चारशे शहाण्णव, कंपनीनं दिला.

आणि शेवटचं. साहेबांचं कपाट रिकामं करताना नवरदेव पुन्हा हाती आला. पिशवीसकट वजन एक किलो चारशे ग्रॅम. वसाहतीतला रासायनिक कचरा न्यायला जो टेम्पो येतो, त्याचा दर किलोला पंचेचाळीस रुपये. मी स्टोअरमध्ये बिल नेलं. स्टोअरवाला म्हणाला, "असा रोल आपल्या स्टॉकमध्ये नाही." शेठनी बिल न वाचता परत दिलं. साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "कुठला रोल?"

त्रेसष्ट रुपये, रोख, टेम्पोवाल्याला दिले. पावतीवर 'कचरा कोणाचा' असा रकाना असतो. दुसरं नाव कोणी दिलं नाही, म्हणून तिथं माझं आहे.